दगड दाबाने नव्हे, ताणाने फुटतो

जॉ क्रशरच्या दोन पोलादी जबड्यांत सापडलेला दगड चिरडला जाऊन फुटतो, असा सर्वसाधारण समज असला, तरी प्रत्यक्षात जबड्यांच्या दाबामुळे दगडाच्या पोटात त्या दाबाशी काटकोनात ताण उत्पन्न होतो आणि खडकाची ताण सोसण्याची शक्ती दाब सोसण्याच्या शक्तीच्या साधारणतः एकदशांश असल्याने तो चिरत जाऊन दुभंगतो. खडकाची वाटोळी चकती कडेवर उभी धरून दाबली, तर ती मधोमध फाकते; ब्राझीलचे अभियंते लोबो कार्नेरो यांनी १९४३ मध्ये काँक्रीटसाठी मांडलेली ही चाचणी खडकाची ताणशक्ती मोजण्यासाठी आजही वापरली जाते.

संगणकाच्या पडद्यावर फुटताना दिसणारा दगड म्हणजे खऱ्या दगडाची हुबेहूब प्रतिकृती, हा दुसरा गैरसमज अधिक खोलवर रुजलेला आहे. कंडॉल आणि स्ट्रॅक यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या विविक्त घटक पद्धतीत, म्हणजे प्रत्येक कण सुटा मानून त्यांच्या परस्परस्पर्शातील बले आणि त्यांतून होणारी हालचाल क्षणाक्षणाने मोजण्याच्या पद्धतीत, कण मुळात फुटतच नाहीत. पुढे पोटियोंडी आणि कंडॉल यांनी २००४ मध्ये खडक हा एकमेकांना चिकटवलेल्या गोलकांचा समूह मानला आणि बंध तुटणे म्हणजे चीर जाणे असे धरले. मात्र त्यामुळे सर्वांत लहान गोलकाहून बारीक तुकडा या प्रतिमानात निर्माणच होऊ शकत नाही आणि क्रशरमधून खडीबरोबर पडणारी बारीक भुकटी हिशेबातून निसटते.

संगणक जितका शक्तिशाली तितके उत्तर अचूक, हेही खरे नाही. गोलकांचा व्यास निम्मा केला, तर तेवढ्याच दगडासाठी त्यांची संख्या आठपट होते, गणनेतील प्रत्येक टप्प्याचा कालावधीही निम्मा घ्यावा लागतो आणि एकूण काम सुमारे सोळापट वाढते. पण बंधांची शक्ती प्रयोगशाळेतील चाचण्यांशी ताडून ठरवलेली नसेल, तर ही सारी मेहनत वाया जाते. केवळ दाबशक्तीशी जुळवलेले गोलकांचे साधे प्रतिमान खडकाची ताणशक्ती वास्तवापेक्षा बरीच जास्त दाखवते, म्हणजे ज्या गुणामुळे दगड फुटतो नेमका तोच चुकतो, ही या क्षेत्रातील एक गंभीर अडचण आहे. म्हणूनच दाबचाचणीच्या जोडीला चकतीची चाचणी आणि ठरावीक उंचीवरून वजन टाकून तुकड्यांचे आकारमान मोजणारी चाचणी करावी लागते, आणि तीही एकाच खाणीतल्या, वरकरणी सारख्या अनेक दगडांवर, कारण अंगच्या सूक्ष्म चिरा निरनिराळ्या असल्याने त्यांतला प्रत्येक वेगळ्या ऊर्जेला फुटतो.