शिकागो १९८३: आधी मतं फुटली, मग पक्षच फुटला

आज जायचंय शिकागोला. पण आधी एक फरक डोक्यात ठेवा. आपल्याकडे मुंबई-पुण्यात महापौर नगरसेवक निवडतात आणि खऱ्या चाव्या आयुक्तांकडे असतात. शिकागोत महापौर थेट लोक निवडतात, आणि नोकऱ्या, कंत्राटं, बजेट या सगळ्यावर त्याची पकड असते. म्हणून त्या खुर्चीसाठी मारामारीही तेवढीच मोठी.

१९३१ पासून तिथे महापौर डेमोक्रॅटिक पक्षाचाच. त्यामुळे तेव्हा खरी लढत व्हायची प्रायमरीत, म्हणजे पक्षाचं तिकीट कुणाला हे मतदार ठरवायचे त्या फेरीत. पुढची निवडणूक नुसती औपचारिकता असायची. १९७९ साली रिपब्लिकन उमेदवाराला मिळाली होती जेमतेम १६ टक्के मतं!

शहरात तेव्हा कृष्णवर्णीय लोक जवळपास ४० टक्के. पण महापौर एकदाही त्यांचा नाही. कारण साधं होतं, मतदार यादीत नावंच कमी. हॅरॉल्ड वॉशिंग्टन तेव्हा अमेरिकेच्या संसदेत खासदार होते. 'उभे राहा' म्हणून लोक मागे लागले, तर ते म्हणाले, आधी ५० हजार नवे मतदार नोंदवून दाखवा. मला हा माणूस इथेच आवडला. मग कार्यकर्ते सरकारी मदतीच्या रांगांपर्यंत पोचले, रेडिओवरून हाका घातल्या, आणि एक लाखाहून जास्त नवी नावं चढली.

२२ फेब्रुवारी १९८३, प्रायमरी. समोर विद्यमान महापौर जेन बर्न आणि जुन्या दादा महापौराचे चिरंजीव रिचर्ड एम. डेली. गोऱ्यांची मतं या दोघांत फुटली. बर्न ३४ टक्क्यांच्या आसपास, डेली ३० च्या, आणि वॉशिंग्टन ३६ टक्क्यांवर तिकीट घेऊन गेले.

आता औपचारिकताच उरली होती ना? छे! पिढ्यान्‌पिढ्या डेमोक्रॅट असलेले गोरे मतदार एका रात्रीत रिपब्लिकन बर्नार्ड एप्टन यांच्याकडे वळले. पक्षाचे कित्येक वॉर्ड-पुढारीही उघड किंवा आतून तिकडेच. एप्टनच्या जाहिरातींचा सूर होता, 'उशीर होण्याआधी'. कशाला उशीर, हे सांगायची गरजच नव्हती. टॅक्स रिटर्न न भरल्याबद्दल वॉशिंग्टन पूर्वी महिनाभर तुरुंगात होते, हे खरंच. प्रचारात ते वापरणं रास्तच. पण सेंट पास्कल चर्चपाशी जमावाने त्यांना ज्या शिव्या घातल्या, त्या टॅक्सबद्दल नव्हत्या.

१२ एप्रिलला वॉशिंग्टन जिंकले, सुमारे ४८ हजार मतांनी. एप्टनना ४८ टक्के मतं! १६ वरून ४८, अवघ्या चार वर्षांत. वॉशिंग्टनना तारलं ते नव्या मतदारांनी, लॅटिनो वस्त्यांनी आणि गोऱ्यांतल्या एका छोट्या गटाने.

आणि जिंकून? ५० नगरसेवकांपैकी २९ विरोधात, २१ बाजूने. २९ जण त्यांच्या नेमणुका अडवायचे. पण महापौराचा व्हेटो मोडायला ३४ मतं लागतात, ती त्यांच्याकडेही नव्हती. तीन वर्षं हीच रस्सीखेच. शेवटी कोर्टाच्या आदेशाने काही वॉर्डांच्या हद्दी नव्याने आखल्या गेल्या. १९८६ मध्ये सात वॉर्डांत पुन्हा मतदान होऊन आकडा २५-२५ झाला, आणि बरोबरी फोडणारं मत महापौरांचं!

एप्रिल १९८७ मध्ये ते पुन्हा निवडून आले. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला, ऑफिसात टेबलाशी बसलेले असतानाच, हृदयविकाराने गेले.