उतरलेले कपडे आणि नव्या कपड्यांचे कलम

गेल्या महिन्यात कॉलेजात शिकणाऱ्या माझ्या मुलीने मोबाइलवरून एक चौकड्याचा शर्ट मागवला. अडीचशे रुपयांचा. पाकीट फोडता फोडता तिने सांगितले की हा जुना आहे, कुणीतरी वापरून विकलेला आहे, याला ‘थ्रिफ्ट’ म्हणतात आणि तिच्या मैत्रिणी हल्ली असेच घेतात. शेजारी लसूण सोलत बसलेल्या माझ्या मायने ताट खाली ठेवले. ‘‘कुणाच्या अंगावरचं हाय ते? काढ आधी. बाप वकील हाय तुझा, अन् तू लोकाचं उतरलेलं घालती?’’ मुलगी माझ्याकडे पाहू लागली. कोर्टात तासभर युक्तिवाद करणारा मी, पण त्या दिवशी मला दोघींपैकी कुणाचीच बाजू घेता आली नाही.

मी नांदेड जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. माय रोजमजुरी करायची आणि सकाळ-संध्याकाळ एका वाड्यावर धुणीभांडी. दिवाळी झाली की वाड्यावरून जुन्या कपड्यांचे गाठोडे यायचे. आता मागे वळून पाहताना त्या गाठोड्याचा हिशोब लक्षात येतो. वाड्यावर बोहारीणही यायची. ती एकेक कपडा उजेडात धरून पाहायची, घासाघीस करायची आणि बदल्यात स्टीलचे भांडे द्यायची. म्हणजे ज्याला बाजारात किंमत होती ते कापड बोहारणीकडे जायचे. तिने नाकारलेले, कॉलर विरलेले, बगलेत फाटलेले उरायचे ते आमच्या मायच्या ओटीत. वर ‘‘पोरांना होतील गं’’ हे उपकाराचे वाक्य. बोहारीणही उपेक्षित समाजातलीच बाई, पण ती व्यापार करीत होती. तिला नाही म्हणता येत होते. मायला येत नव्हते, कारण नाही म्हटले असते तर उद्याचे काम गेले असते.

सहावीत असताना त्या गाठोड्यातला एक सदरा मी शाळेत घालून गेलो. खिशाखाली निळ्या शाईचा डाग होता. वाड्यावरचा मुलगा माझ्याच वर्गात. त्याने डागावर बोट ठेवले आणि म्हणाला, ‘‘हा माझ्या पेनाचा डाग आहे.’’ बिचाऱ्याने खरे तेच सांगितले. त्यात दुष्टपणा होता असे मला आजही वाटत नाही. पण त्या दिवसापासून वर्ष संपेपर्यंत पोरे मला त्याच्या आडनावाने हाक मारीत. गुरुजींच्याही कानावर ते पडत होते. त्यांनी कुणाला गप्प केले नाही.

गंमत अशी, की घरातलेच जुने कपडे घालताना मला कधी लाज वाटली नाही. थोरल्या भावाचा शर्ट मला यायचा, माझा धाकट्याला, आणि धाकट्याचा शेवटी वाकळेत जायचा. मावशीकडे जिल्हा परिषदेच्या समाजकल्याणची शिलाई मशीन होती. दादांची विजार उसवून तिने माझ्या दोन अर्ध्या चड्ड्या काढल्या होत्या. त्या मी मिरवत घातल्या. आणि चौदा एप्रिलला काय विचारता! उधारीवर एकच थान आणायचे आणि सगळ्या चुलत-मावस भावांचे शर्ट त्याच थानातून बेतायचे. मिरवणुकीत आम्ही सात जण एकाच निळ्या रेघांत. त्या थानाचे पैसे पोळ्यापर्यंत फिटत नसत. तरी त्या दिवशी अंगावरच्या कापडाचा मालक दुसरा कुणी नव्हता.

तेव्हा प्रश्न कापडाच्या जुनेपणाचा नाही. कापड कुणाच्या हातून आले आणि घेणाऱ्याला नाकारण्याची मुभा होती का, हा प्रश्न आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांसाठी मेलेल्यांची वस्त्रे नेमून दिली आहेत. त्याच अध्यायात सेवा करणाऱ्या शूद्राला उष्टे अन्न आणि जीर्ण कपडे द्यावेत अशी तरतूद आहे. गावगाड्याने ही तरतूद इमानेइतबारे पाळली. मढ्यावरचे कापड हा महाराचा ‘हक्क’ ठरला. हक्क हा शब्द इतका विटाळलेला मी दुसरीकडे पाहिला नाही. वाड्यावरचे गाठोडे ही त्याच तरतुदीची सुधारित आवृत्ती.

दुसरी बाजूही पाहा. जुने घ्या ही सक्ती, तशी नवे घालू नका ही बंदी. ‘जातिभेद निर्मूलन’ या १९३६ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी इंदूर संस्थानातल्या बलाई समाजाची हकिगत दिली आहे. १९२८ च्या सुमारास सवर्णांनी त्यांना फर्मावले की जरीकाठी पागोटी बांधायची नाहीत, रंगीत किंवा नक्षीच्या काठाचे धोतर नेसायचे नाही, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. बलाईंनी नकार दिला तेव्हा त्यांचे विहिरीचे पाणी तोडले, गुरांची चराई बंद केली. शेकडो लोकांना बायकापोरांसह घरेदारे सोडावी लागली. एवढे सगळे धोतराच्या काठावरून!

ही फार जुनी गोष्ट झाली असे कुणाला वाटत असेल तर त्याने अ‍ॅट्रॉसिटी कायद्याची २०१५ ची दुरुस्ती वाचावी. ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. कलम ३ मध्ये अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला सार्वजनिक ठिकाणी पादत्राणे किंवा नवे कपडे घालण्यापासून अडवणे हा गुन्हा ठरवला आहे. ‘नवे कपडे’ हे शब्द कायद्यात आहेत! पहिल्यांदा वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बसलो होतो. संसदेला एकविसाव्या शतकात हे लिहावे लागले, म्हणजे ते कुठेतरी घडत होते.

म्हणून आमच्या पिढीला जुना कपडा विकत घेणे जड जाते. ऐपत नसताना कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, लग्नात सूट, यावरून आमच्या लोकांना हसणारे पुष्कळ आहेत. हसणाऱ्यांनी आपल्या घरातून कुणाच्या ओटीत काय पडले ते आठवावे. अर्थात आपल्याकडेही दोष नाही असे नाही. लग्नाच्या बस्त्यासाठी व्याजाने पैसे काढणारी आणि मग हप्त्यांखाली दबलेली घरे मला माझ्या कामातून माहीत आहेत. हा स्वाभिमान नव्हे.

दानशूरांचे काय? २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. मासेमारी करून जगणाऱ्यांनी ते उचलायला नकार दिला. ‘गूंज’ ही संस्था जुने कपडे भिकेसारखे न वाटता गावाने केलेल्या कामाच्या बदल्यात देते. तिच्या संस्थापकांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कारही मिळाला. हेतू चांगला आहे, हे मी मान्य करतो. पण कामाच्या बदल्यात जुने कापड म्हटले की मला बलुते आठवते, त्याला इलाज नाही. कामाचा मोबदला रोख असावा. त्यातून माणसाने नवे घ्यावे की जुने, ते त्याचे तो पाहील.

महाडला डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेब स्त्रियांपुढे बोलले. अस्पृश्यतेची खूण म्हणून ओळखली जाणारी लुगड्याची पद्धत आणि दागिने सोडा, असे त्यांनी सांगितले. पण कपडे नवेच घ्या असे ते म्हणाले नाहीत. ठिगळे असली तरी चालतील, स्वच्छ असू द्या, आणि काय घालायचे हे ठरवण्याचा अधिकार दुसऱ्या कुणाला नाही, हा त्यांच्या सांगण्याचा रोख होता. माझ्या मुलीने हे कुठे वाचलेले नाही, पण ती वागते तशीच.

धम्मातही हे आहे. भिक्खू स्मशानातले, उकिरड्यावरचे टाकाऊ कापड गोळा करून, धुऊन, शिवून त्याचे चीवर करीत. त्याला पांसुकूल म्हणतात. पुढे जीवकाने विनंती केली तेव्हा बुद्धांनी गृहस्थांनी दिलेल्या चीवरालाही परवानगी दिली. ज्याची इच्छा असेल त्याने पांसुकूल वापरावे, ज्याची इच्छा असेल त्याने गृहस्थाचे घ्यावे. मढ्यावरचे तेच कापड. एकाला मनूने नेमून दिले, दुसऱ्याने आपल्या इच्छेने उचलले.

आता एक कबुली. २००४ साली सनद मिळाली तेव्हा काळा कोट शिवायला माझ्याकडे पैसे नव्हते. रस्त्याच्या कडेला जुन्या कोटांचा ढीग लावून बसलेल्या माणसाकडून मी एक उचलला. तो दोनशे म्हणाला, मी ऐंशीपासून सुरुवात केली, एकशे वीसवर सौदा तुटला. आतल्या खिशावर दुसऱ्या कुणाच्या शिंप्याची चिठ्ठी होती, ती ब्लेडने काढून टाकली. पहिला जामीन मी त्याच कोटात मिळवला. मायला मात्र सांगितले की कोट नवा शिवून घेतला. तिने तो हातात घेऊन पाहिला आणि शेजारच्या चार घरी दाखवून आणला.

त्या चौकड्याच्या शर्टाचे पुढे काय झाले? दुसऱ्या दिवशी मायने तो सोडा घालून उकळत्या पाण्यात बुडवला, दोन दिवस उन्हात टाकला आणि त्याची सगळी बटणे कापून आपल्या डब्यातली नवी लावली. मग नातीला म्हणाली, ‘‘घाल आता.’’ कोटाचे मी तिला अजून सांगितलेले नाही. मायला वाचता येत नाही, पण या पानावरचे माझे लेख नात तिला वाचून दाखवते.