प्रलोभन, ख्रिस्ती जीवनातील

प्रलोभन, ख्रिस्ती जीवनातील : श्रद्धावंताला ईश्वरी इच्छेपासून दूर ओढणारे आकर्षण. नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द ‘पेइरास्मोस’ हा असून त्याचे ‘कसोटी’ आणि ‘मोह’ असे दोन्ही अर्थ होतात. मराठी बायबलमधील प्रभूच्या प्रार्थनेत त्यासाठी ‘परीक्षा’ हा शब्द योजिला आहे. या द्व्यर्थामुळे ईश्वरच माणसाला मोहात घालतो काय, असा प्रश्न पूर्वीपासून उपस्थित होत आला. याकोबाच्या पत्रात त्याचे नकारार्थी उत्तर स्पष्टपणे दिलेले आहे : मोहाचे मूळ माणसाच्या स्वतःच्या वासनेत असते. तरीही वाद मिटला नाही. कॅथलिक उपासनेतील या प्रार्थनेचा फ्रेंच पाठ २०१७ मध्ये व इटालियन पाठ २०२० मध्ये याच कारणास्तव बदलण्यात आला.

चाळीस दिवसांच्या उपवासानंतर अरण्यात येशूला झालेल्या तीन परीक्षांचे वृत्त मत्तय व लूक यांच्या शुभवर्तमानांत येते. शेवटच्या दोहोंचा क्रम मात्र दोन्हींत वेगळा आहे. धोंड्यांच्या भाकरी करणे, मंदिराच्या शिखरावरून उडी टाकणे आणि जगातील राज्ये स्वीकारणे, या तिन्हींत रूढ अर्थाचा दुराचार नाही, ही बाब सामान्यतः दुर्लक्षिली जाते. भूक भागविणे, ईश्वरावर भरवसा ठेवणे व राज्य करणे या गोष्टी स्वतः वाईट नव्हेत. प्रलोभन चांगल्याच्या वेषात येते, हे या कथेचे मर्म होय.

मोहापासून दूर राहण्याचा पौलाने सांगितलेला उपाय अगदी साधा, म्हणजे पळून जाण्याचा आहे. परंतु तेवढ्यावर तो थांबत नाही. चुकलेल्या बंधूला सौम्यपणे सावरावे आणि तसे करताना आपणही मोहात पडू नये म्हणून स्वतःकडे लक्ष द्यावे, असे तो गलतीकरांस लिहितो. इब्री लोकांस पत्रात परस्परांना प्रतिदिनी उत्तेजन द्यावे व एकत्र जमणे सोडू नये, असे सांगितले आहे. ‘पाराक्लेसिस’ या ग्रीक शब्दात सांत्वन आणि कानउघाडणी हे दोन्ही अर्थ सामावतात. केवळ गोड बोलणे म्हणजे उत्तेजन नव्हे.

चौथ्या शतकातील ईजिप्तच्या वाळवंटातील तपस्व्यांनी मोहाशी एकाकी झुंज दिली. त्यांपैकी इव्हेग्रिअस याने आठ कुविचार वर्णिले. पुढील सात महापातकांच्या यादीचे मूळ त्यांत आहे. सहाव्या शतकातील बेनेडिक्टच्या नियमावलीने भर दिला तो समूहजीवनावर. अठराव्या शतकात जॉन वेस्ली याने सुमारे बारा जणांचे वर्ग स्थापून दर आठवड्यास एकमेकांची विचारपूस करण्याची प्रथा पाडली. महाराष्ट्रात रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी १९१७ मध्ये सातारा येथे ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान होते.

या विषयाचा विसाव्या शतकातील सर्वांत मूलगामी विचार जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बोनहोफर (१९०६–४५) याने केला. गांधींच्या आश्रमातील समूहजीवन पाहण्याची त्याची इच्छा होती. गांधी वर्ध्यास स्थिरावत होते त्याच सुमारास, नोव्हेंबर १९३४ मध्ये, त्यांनी त्याला निमंत्रण पाठविले. परंतु १९३५ मध्ये तो नाझी राजवटीस विरोध करणाऱ्या चर्चच्या धर्मगुरूंचे विद्यालय चालविण्यास मायदेशी परतला आणि ही भेट घडली नाही. गेस्टापोने १९३७ मध्ये ते विद्यालय बंद केले. विखुरलेल्या विद्यार्थ्यांपुढे १९३८ मध्ये त्याने प्रलोभनावर विवेचन केले, तर १९३९ मध्ये समूहजीवनावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. पाप माणसाला एकटे पाडू पाहते; म्हणून ते एखाद्या बंधूजवळ उघड बोलणे हीच सुटकेची वाट, असे त्याचे प्रतिपादन आहे. ज्याला एकांत साधत नाही त्याने समूहापासूनही सावध राहावे, असेही तो बजावतो. तत्कालीन विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हा केवळ चिंतनाचा विषय नव्हता : राजमान्य चर्चमध्ये परतून सुरक्षित पद मिळविण्याचा मोह त्यांच्यासमोर प्रत्यक्ष उभा होता. एप्रिल १९४५ मध्ये बोनहोफरला फाशी देण्यात आली.

वर्धा जिल्ह्यात हा प्रश्न वेगळ्या रूपाने पुढे आला. सेवाग्राम आश्रमाच्या एकादश व्रतांतील अस्वाद, असंग्रह व ब्रह्मचर्य ही व्रते ख्रिस्ती संन्यस्त जीवनाशी जुळणारी आहेत. मात्र व्रतविचारात भर स्वप्रयत्नावर, तर ख्रिस्ती विचारात कृपेवर असतो. हा भेद गौण मानता येणार नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम पाहणारे जे. सी. कुमारप्पा (१८९२–१९६०) हे स्वतः ख्रिस्ती होते. येशूच्या शिकवणीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १९४५ मध्ये निघाले. धर्म केवळ उपासनेपुरता न ठेवता मिळकत व उपभोग यांत उतरविला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती, आणि साम्राज्यसत्तेशी तडजोड करणाऱ्या चर्चवर त्यांनी कठोर टीका केली. अरण्यातील तिसऱ्या परीक्षेचा आशय त्यांच्या टीकेत अभिप्रेत आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. ‘ख्रिस्तधर्म-सार’ संकलित करणाऱ्या विनोबा भावे यांनी १९५९ मध्ये पवनार येथे धाम नदीकाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापिले. तेथील ब्रह्मचारिणी भगिनींच्या साधनेचे स्वरूप सामूहिक असून निर्णय सर्वसंमतीने घेण्याचा प्रघात आहे.