शितावरून भाताची परीक्षा

भात शिजला की नाही हे पाहण्यासाठी गृहिणी सारे पातेले उपसून पाहत नाही. पळीने चार शिते घेते, बोटांत चिरडून पाहते आणि निर्णय देते. 'शितावरून भाताची परीक्षा' ही आपली म्हण याच अनुभवातून जन्मली. थोडक्यावरून पुष्कळाचे अनुमान काढण्याची ही विद्या आता आपली मुले सातवी-आठवीच्या गणितात, सरासरी आणि स्तंभालेखांच्या सोबतीने, शिकू लागली आहेत.

परंतु वाचकहो, या म्हणीत एक मेख आहे. पातेल्यातील सर्व तांदूळ एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजतो. म्हणून चार शिते साऱ्या भाताची साक्ष देऊ शकतात. माणसांचा समाज असा एकजिनसी नसतो. तेथे शिते कोठून उचलली, हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, बंगळूरच्या एखाद्या शाळेत १२०० विद्यार्थी आहेत. त्या शहरात कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू, मराठी अशा अनेक भाषा घरोघरी नांदतात. किती मुलांच्या घरी कन्नडखेरीज अन्य भाषा बोलली जाते, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. सर्व मुलांच्या नावांच्या चिठ्ठ्या करून, त्या नीट ढवळून, न पाहता ६० चिठ्ठ्या काढल्या. त्यांपैकी २१ मुलांनी अन्य भाषा सांगितली. ६० हा १२०० चा विसावा भाग; म्हणून २१ ला २० ने गुणून उत्तर आले ४२०.

हे उत्तर अगदी बिनचूक मानावे काय? नाही. चिठ्ठ्या परत टाकून पुन्हा ६० काढल्या, तर कदाचित १८ निघतील आणि अनुमान ३६० होईल; तिसऱ्या वेळी २४ निघाल्यास ४८०. हा चढउतार म्हणजे गणिताची चूक नव्हे, तो नमुन्याचा स्वभावच आहे. म्हणून शहाणा विद्यार्थी 'नक्की ४२०' असे न म्हणता 'सुमारे चारशेच्या आसपास' असे म्हणतो. नमुना चौपट केला, तर हा चढउतार साधारणपणे निम्म्यावर येतो.

आता समजा, चिठ्ठ्यांचा खटाटोप टाळून आपण एकाच तुकडीला प्रश्न विचारला आणि त्या तुकडीत नेमकी कन्नड ही प्रथम भाषा घेतलेलीच मुले होती. मग ६० काय, अशा तुकड्यांतील ३०० मुलांना विचारले तरी उत्तर फसवेच येणार. निवडीतला दोष नमुना मोठा केल्याने धुऊन निघत नाही.

ही गोष्ट केवळ वहीतल्या गणितापुरती नाही. याच बंगळुरात या विचाराने हजारो रोग्यांच्या वाट्याला न्याय आणला. पूर्वी क्षय हा प्रामुख्याने शहरांचा रोग समजला जाई. कारण इस्पितळे शहरांत, आणि डॉक्टरांच्या नजरेस पडत ते तेथवर पोहोचलेले रोगी. १९५५ ते १९५८ या काळात देशात क्षयरोगाची नमुना पाहणी झाली. पाहणी करणारे निवडलेल्या वस्त्यांत स्वतः गेले. तेव्हा दिसून आले की, खेड्यांतही रोगाचे प्रमाण जवळजवळ शहरांइतकेच आहे. बहुसंख्य लोक खेड्यांत राहत असल्याने बहुसंख्य रोगीही तेथेच होते. ते फक्त मोजले गेले नव्हते.

१९५९ मध्ये बंगळूरला राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांचे साहाय्य तिला लाभले, आणि १९६० मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. तेथील डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी शेजारच्या तुमकूर जिल्ह्यात एक पाहणी केली. ग्रामीण रोगी अडाणी, त्याला आपल्या दुखण्याची जाणीवच नसते, अशी समजूत तेव्हा रूढ होती. या पाहणीत रोगी दवाखान्यात येण्याची वाट पाहिली नाही. पाहणीत आढळलेल्या रोग्यांच्या घरी जाऊन त्यांनाच विचारण्यात आले. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष डोळे उघडणारे होते. थुंकीत क्षयजंतू सापडलेल्या रोग्यांपैकी बहुतेकांना आपल्या लक्षणांची जाणीव होती आणि निम्म्याहून अधिक जण आधीच उपचारासाठी कोठे ना कोठे गेले होते. पुष्कळांना खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन परत पाठवण्यात आले होते! दोष रोग्याच्या अज्ञानाचा नव्हता, त्याचे न ऐकणाऱ्या व्यवस्थेचा होता.

या समजुतीचा उपयोग १९६२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात झाला. खोकला घेऊन जवळच्या सामान्य दवाखान्यात आलेल्या माणसाची थुंकी तेथेच तपासावी, हे त्यामागील एक मुख्य सूत्र होते. काही निवडक खेड्यांतून काढलेले अनुमान असे देशभर उपयोगी पडले. कारण ती खेडी सोयीची म्हणून निवडलेली नव्हती, आणि जो येत नाही त्याच्यापर्यंतही पाहणी पोहोचली होती.

आपल्या घरी मुलांना याचा अनुभव सहज देता येईल. एका डब्यात मूग व उडीद यांचे मिळून ४०० दाणे घ्या. किती मूग आणि किती उडीद हे मात्र मुलांना सांगू नका. डबा चांगला ढवळून डोळे मिटून ४० दाणे काढायला लावा, त्यांवरून अनुमान करायला सांगा आणि दाणे परत टाका. असे पाच वेळा करून पाचही अनुमानांची सरासरी काढा व शेवटी सर्व दाणे मोजून ताळा पाहा. मग एकदा मूग खाली व उडीद वर असे थर रचून, न ढवळता वरचेच दाणे काढायला लावा. अनुमान कसे कोसळते, ते मूल स्वतःच पाहील.

पुढे हेच मूल वर्तमानपत्रात 'इतके टक्के लोकांचे असे मत आहे' असे वाचील, तेव्हा त्याने दोन प्रश्न विचारावेत: किती जणांना विचारले, आणि विचारायचे कोण राहून गेले? पहिला प्रश्न गणित शिकवते. दुसरा प्रश्न विचारण्याची सवय मात्र आपण घरीच लावायची आहे.