चूल आणि वैल

पहाटे साडेपाच
ह्यूस्टनला ४ जुलैची पहाटसुद्धा घामट असते. शेजारच्या अंगणातून धुराचा वास येतोय. शेजारी अस्सल टेक्सासचा, त्याच्या भट्टीत ब्रिस्केट, म्हणजे बीफचा छातीकडचा मोठा तुकडा, रात्रीपासून पोस्ट ओकच्या धुरावर आहे. त्याचं काम मंद आचेचं, रात्रभराचं. माझं निखाऱ्यांचं, दोन तासांचं. पण तयारी मलाही कालपासूनच करावी लागली. कोंबडीच्या तंगड्या आणि बोकडाच्या चापांना मीठ, हळद, आलं-लसूण आणि गावाकडून आलेला आगरी मसाला काल रात्री चोळला. मीठ आतपर्यंत मुरायला रात्र लागते. दही आता सकाळी लावायचं. आंबट फार वेळ राहिलं की मांसाचा वरचा थर पिठूळ होतो, म्हणून लिंबू तर शेवटी, ताटात. गूळ किंवा साखर मसाल्यात अजिबात नाही, ती मांसाच्या आधी जळते.

सकाळी दहा
कोळशाची पिशवी उघडली. मेस्किटचा कोळसा. रायगड सोडून इथे आलो तेव्हा हे झाड नवं वाटलं होतं. मग कळलं की आपल्याकडे माळरानांवर आणि रुळांच्या कडेला माजलेली वेडी बाभूळ हिचीच बहीण, दोघी प्रोसोपिस वंशातल्या. आमच्या तालुक्यातली कातकरी कुटुंबं पावसाळा सरला की मुलाबाळांसकट घाटावर, पार कर्नाटकापर्यंत कोळसा पाडायला जातात. उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत भट्टीपाशीच राहायचं. पिशवीत हात घातला की त्या माणसांची आठवण येते, आणि यायलाच हवी.

दुपारी दोन
तीस माणसं येणार. कच्च्या मांसाची परात वेगळी, भाजलेल्याची वेगळी, चिमटेही दोन. यात मी कुणाचं ऐकत नाही. बाहेर ९० फॅरनहाइटच्या वर पारा असला की मांस तासाभरापेक्षा जास्त उघड्यावर ठेवायचं नाही, म्हणून सगळं बर्फाच्या पेटीत.

साडेतीन
लोखंडी नळकांड्यात कोळसा भरला, खाली कागद पेटवला. पेटवायचं तेल मी वापरत नाही, त्याचा वास मांसाला लागतो. वीस मिनिटांत वरच्या कोळशावर राखेची पांढुरकी साय धरते, तेव्हा तो तयार.

आता दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं काम. सगळे निखारे भाजायच्या गोल भांड्याच्या एका बाजूला ओतायचे, दुसरी बाजू रिकामी. पहिली दोन वर्षं मी कोळसा सगळीकडे सारखा पसरत होतो. तंगड्या बाहेरून काळ्या, हाडाजवळ लाल. मग एकदा आजीची चूल डोळ्यांपुढे आली. भाकरी चुलीवर, डाळ वैलावर. वैलाखाली लाकूड नसतंच, चुलीची उरलेली धग तिथे पोचते आणि डाळ न करपता शिजते. इथे दोन आचांचा जाळ म्हणून जे शिकवतात, ते आजीच्या स्वयंपाकघरात होतंच.

सव्वाचार
पहिला मान काकूंचा. त्या शाकाहारी. "काकू, जाळी कोरी आहे, तुमचं आधी लावतो." वांगी निखाऱ्यांच्या वर, मक्याची कणसं कडेला. वांग्याची साल फुटून आतून वाफ सुटली की उतरवायची. काकूंनी भरताला तेल-कांदा घेऊन ठेवलाच होता.

पावणेपाच
तंगड्या आधी रिकाम्या बाजूला, वैलावर. झाकण लावलं, त्याचं भोक तंगड्यांच्या डोक्यावर आणलं, म्हणजे धूर मांसावरून जाऊनच बाहेर पडतो. खालचं भोक किती उघडं, त्यावर आच ठरते.

हे झाकणाचं गोल भांडं १९५२ सालचं. शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये काम करणारे जॉर्ज स्टीफन उघड्या जाळाला लागणाऱ्या वाऱ्याला कंटाळले होते. कारखान्यात पाण्यावर तरंगणारे धातूचे बोये बनत. तसाच एक गोळा कापून त्यांनी खाली भांडं केलं, वर झाकण. झाकलेल्या आचेत मांस चारी बाजूंनी शिजतं. अलिबागकडे थंडीत पोपटी लावतात ती याच तत्त्वावर: मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, मग मडकं उपडं घालून भोवती पेंढ्याचा जाळ. पाण्याचा थेंब नाही, आतल्या पाल्याचा आणि शेंगांचा ओलावाच पुरतो.

साडेपाच
थर्मामीटर हाडाला न लावता तंगडीच्या जाड भागात. कोंबडी १६५ फॅरनहाइटला, म्हणजे ७४ सेल्सियसला, खायला सुरक्षित. पण तंगडी मी १८० पर्यंत नेतो, तिथे सांध्याजवळचा चिवटपणा विरघळतो. मग दोन मिनिटं निखाऱ्यांवर, साल कुरकुरीत होईपर्यंत. चरबी ठिबकली, ज्वाळा उठली. एक मामा पाण्याची बाटली घेऊन धावले. "मामा, पाणी नको, राख उडेल." तंगड्या बाजूला सरकवल्या, झाकण लावलं, ज्वाळा बसली.

चापा उलट क्रमाने: दही पुसून, आधी थेट निखाऱ्यांवर, दोन्ही बाजूंनी रंग येईपर्यंत, मग वैलावर. ओला पृष्ठभाग नुसता उकडतो, त्याला तांबूस रंग चढत नाही. अखंड तुकड्याला १४५ अंश आणि वर तीन मिनिटं विसावा एवढं पुरे. बोकडाचं मांस रोडकं असतं, पाच मिनिटं जास्त ठेवलं की वादी होते.

सव्वासहा
ताटं फिरली. शेजाऱ्याने कुंपणावरून ब्रिस्केटचे काप दिले, त्याला तंगड्या गेल्या. त्याने आगरी मसाल्यात नक्की काय काय आहे ते विचारलं. सांगता सांगता माझी स्वतःची चाप निवली.

रात्री साडेनऊ
आकाशात फटाके. मी वरची-खालची दोन्ही भोकं बंद केली. हवा तुटली की निखारे मरतात, आणि अर्धा जळलेला कोळसा पुढच्या वेळी परत पेटतो. राख मात्र परवापर्यंत हलवायची नाही, तिच्यात कितीतरी तास विस्तव दबा धरून असतो. आजी तोच विस्तव रात्री राखेखाली झाकून जपायची, सकाळी फुंकणीने फुलवायची. झाकणावर तळहात धरून पाहिला. अजून गरम होतं.