हरवला हातोडा, निघाली पेटी

पुरलेल्या धनाच्या गोष्टी आपल्या बेटावर कोणी ऐकल्या नाहीत? चाच्यांच्या नावाने खड्डे खणणारे बहुधा रिकाम्या हातीच घरी आले. आज आम्ही सांगतो ती हकिकत मात्र खरी आहे.

इंग्लंडच्या सफक परगण्यात हॉक्सन नावाचे खेडे आहे. तेथील एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. तो शोधण्यास त्याचा मित्र एरिक लॉज १६ नोव्हेंबर १९९२ रोजी धातू शोधण्याचे यंत्र घेऊन गेला. यंत्र वाजले. उकरून पाहतो तो नाणी, चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने! थोडे काढल्यावर त्याने हात आवरला व अधिकाऱ्यांना कळविले. आम्हांला या हकिकतीत हेच सर्वांत मोलाचे वाटते. कारण दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञ आले, तेव्हा लाकडी पेटीत कोणती वस्तू कोठे ठेवली होती हे त्यांना जागच्या जागी पाहता आले.

नाणी निघाली सुमारे १५ हजार. त्यांत ५६९ सोन्याची, थोडी काशाची, बाकी सारी चांदीची. सर्वांत अलीकडची इ. स. ४०७-४०८ ची, म्हणजे ब्रिटनमधून रोमची सत्ता उठत होती त्या वेळची. रोमहून नवी नाणी येईनाशी झाली, तेव्हा लोकांनी जुन्यांच्याच कडा कातरून चांदी काढली. चांदीची बहुतेक नाणी अशी कातरलेली आहेत. परंतु सम्राटाच्या मुखाला कात्री लागलेली नाही! ही अदब वाचून आम्हांला हसू आले.

पेटीत मिरपुडीची चार चांदीची भांडीही होती. त्यांतले एक एका स्त्रीच्या अर्धपुतळ्यासारखे असून बुडाशी फिरती चकती आहे. ती फिरवली की पूड पडे, पुन्हा फिरवली की बंद. आणि मिरी कोठली? आपल्या भारताची, मलबार किनाऱ्यावरून गलबतांनी गेलेली.

एका सोन्याच्या कंकणावर जाळीकामात लॅटिन अक्षरे आहेत. ज्युलियाना बाईंनी हे सुखाने वापरावे, असा त्यांचा अर्थ. कोणी एवढ्या काळजीने पेटी भरली, आणि ती पुन्हा कोणीच उकरून नेली नाही. त्या कंकणापाशी आमचे मन फार वेळ अडकले.

१९९३ साली खजिन्याची किंमत साडेसतरा लाख पौंड ठरली. ते बक्षीस एरिकने शेतकरी मित्राबरोबर वाटून घेतले. खजिना लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. हातोडाही सापडला, तोही तेथेच ठेवला आहे.