हाड अडकलं नसतं तेव्हा

कुत्र्यामांजरांच्या आजारांवर तत्त्वज्ञानाच्या माणसानं काय बोलावं, असं तुम्हाला वाटेल. औषधाची मात्रा आम्ही सांगणार नाही, ते पशुवैद्याचं काम. पण लक्षणावरून आजार ओळखणं हे शेवटी अनुमान आहे, आणि अनुमान कुठं घसरतं हे आम्ही आयुष्यभर शिकवत आलो.

माणूस दवाखान्यात जाऊन 'इथं दुखतंय' म्हणतो, ते शब्दप्रमाण. जनावराकडे ते नाही. धूर दिसला तर तिथं अग्नी आहे, हे बरोबर. पण अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, हे चूक. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. असा दोन्हीकडे सापडणारा हेतू नैयायिकांच्या भाषेत सव्यभिचार. अंगणातल्या जनावराबाबत आपलं बहुतेक हेच चुकतं.

बघा, कुत्र्याचा जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही, आवाज बदलतो. घरचे म्हणतात, घशात हाड अडकलं. आणि कुणीतरी तोंडात हात घालतो. हाड अडकतंही कधी कधी, नाही असं नाही. पण हीच लक्षणं रेबीजची असू शकतात. पिसाळलेला कुत्रा म्हणजे अंगावर धावून येणारा, हे चित्र आपल्या डोक्यात इतकं पक्कं आहे की कोपऱ्यात गप्प पडलेला, लकवा मारल्यासारखा कुत्रा आपण त्यात धरतच नाही. तो चावायला येत नाही. आपणच त्याच्या लाळेत हात घालतो. नखाजवळ बारीकशी जखम असली तरी विषाणूला तेवढी वाट पुरते. आणि लक्षणं दिसू लागली की कुत्रा काय, माणूस काय, जवळजवळ कुणीच वाचत नाही.

तेव्हा हात घालायचा नाही. त्याला न शिवता दार लावून घ्यायचं, पशुवैद्याला बोलवायचं. हात लागलाच असेल तर साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. हळद, चुना, मिरची काही नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखाना. विषाणू मज्जातंतूंतून मेंदूपर्यंत जायला बहुधा काही आठवडे घेतो, म्हणून नंतर दिलेली लसही उपयोगी पडते. १८८५ साली पाश्चरनी चावा घेतलेल्या मुलाला ती दिली ती याच आधारावर. 'दहा दिवस कुत्रा जगतो का बघू' म्हणता? बघा की, पण लस सुरू करून.

मांजराचंही असंच. बोका सारखा बसून कुंथतो. घरचे म्हणतात, शौचाला कडक झालंय, एरंडेल द्या. पुष्कळदा लघवी तुंबलेली असते. नराची मूत्रनलिका अरुंद, खडा किंवा चिकट घाण अडकते, आणि दोन-तीन दिवसांत जीव जातो. लघवीचा थेंब पडतोय का, एवढं आधी पाहायचं. पडत नसेल तर रात्र काढायची नाही.

पिल्लाला उलट्या आणि रक्ताची हगवण लागली की 'जंत' म्हणून मोकळं होऊ नये. पार्वो असू शकतो. त्या विषाणूवर नेमकं औषध सहसा मिळत नाही. सलाईन देऊन पिल्लू तगवावं लागतं. सहाव्या-आठव्या आठवड्यापासून लस सुरू केली असती तर ही वेळ बहुधा आली नसती.

आपल्या जिल्ह्यातल्या नर्सीच्या नामदेवांची गोष्ट तुम्हाला पाठ आहे: कुत्र्यानं भाकरी पळवली, हे तूप घेऊन मागं धावले. भक्तीचं राहू द्या, कुत्र्यानं काय नेलं हे त्यांनी पाहिलं होतं. आपल्याला डॉक्टरनी 'काय खाल्लं?' विचारलं की आपण एकमेकांकडे बघतो. जनावराचं शब्दप्रमाण म्हणजे आपणच. कधीपासून, काय खाल्लं, लघवी कधी झाली, लसीची तारीख काय, हे कागदावर लिहून न्या. नाक कोरडं आहे म्हणजे ताप, असंही सांगू नका. कुत्र्याचं शरीर मुळातच १०१ ते १०२ अंश फॅरनहाइटच्या आसपास असतं, आपल्या हाताला ते गरम लागणारच.

एका ताईंनी विचारलंय, तापात घरातली पॅरासिटामॉल दिली तर? मांजराला कधीच नाही. त्याचं यकृत ते औषध निकामी करू शकत नाही. रक्त ऑक्सिजन वाहायचं थांबतं, हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात. आपली पाचशेची एक गोळी मोठ्या मांजराला मारू शकते. दिली गेली असेल तर ओशाळून लपवू नका, गोळीचं पाकीट घेऊन लगेच निघा.